रन-फ्लॅट की साधे टायर: दोन्हींवर ५७,००० किलोमीटर चालवल्यानंतर

रात्रीचे साडेनऊ झाले होते. आप्पांचं डायलिसिस संपवून मी त्यांना घरी आणत होते. दवाखाना ७ किलोमीटर मागे पडला होता, घर अजून ३१ किलोमीटर होतं. पाऊस लागून राहिला होता आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायला हातभर जागा नव्हती. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला, घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. मागच्या डाव्या चाकापुढे हवेचा दाब ३५ पीएसआयच्या जागी ११ दिसत होता. पुढच्या दोन-तीन मिनिटांत तो आकडा ४ वर आला.

गाडी मात्र सरळ चालत होती. मागून किंचित जड वाटत होती, बारीक गुरगुर ऐकू येत होती, एवढंच. मी वेग साठाच्या आत ठेवला, खड्डे चुकवले, एकदाही जोरात ब्रेक मारला नाही आणि पाऊण तासानं फाटकात गाडी उभी केली. आप्पा मागच्या सीटवर डोळे मिटून पडले होते. चार तास सुया टोचून घेतलेल्या माणसाला पावसात रस्त्यावर उभं करायची वेळ माझ्यावर आली नाही. सकाळी पाहिलं तर टायरच्या मधोमध करंगळीएवढा बोल्ट रुतलेला होता.

गाडीला कंपनीकडूनच आलेले ते रन-फ्लॅट टायर होते, म्हणजे हवा गेली तरी काही अंतर धावणारे. त्या रात्रीचे त्यांचे उपकार मी विसरलेले नाही. तरीही साडेतीन वर्षांनी आणि ४१,००० किलोमीटरनंतर ते चारही उतरवून मी साधे टायर बसवले. साध्यांवर आता १६,००० किलोमीटर झाले आहेत. टायर घ्यायच्या आधी मला जे कुणी सांगायला हवं होतं, ते इथे लिहिते. गाडीची वही मी पहिल्या दिवसापासून ठेवते, त्यामुळे आकडे आठवणीवर सोडलेले नाहीत.

आधी आतली रचना, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. साध्या टायरमध्ये गाडीचं वजन रबर पेलत नाही, आतली दाबलेली हवा पेलते. रबर म्हणजे ती हवा धरून ठेवणारी पिशवी. हवा गेली की बाजूची भिंत दुमडते, रिम तिच्यावर बसते आणि एखाद-दोन किलोमीटरमध्ये भिंत कापली जाते. मग टायर गेलाच, कधी कधी रिमही जाते. रन-फ्लॅटमध्ये बाजूच्या भिंतीच्या आत चंद्रकोरीच्या आकाराचा कडक रबराचा जाड थर असतो. हवा गेली तरी ती भिंत दुमडत नाही, गाडी तिच्यावर उभी राहते. टायरची कड रिमवरून सुटू नये म्हणून अशा गाड्यांच्या रिमवरही थोडा जास्त उंच उंचवटा ठेवलेला असतो.

पण हवेविना धावताना ती जाड भिंत प्रत्येक फेरीला दबते आणि सुटते. त्यातून उष्णता तयार होते आणि तीच भिंतीला आतून खाते. म्हणून बहुतेक कंपन्या एकच मर्यादा देतात: ताशी ८० किलोमीटरच्या आत, जास्तीत जास्त ८० किलोमीटर. गाडी भरलेली असेल, ऊन कडक असेल, तर तेवढंही गृहीत धरू नये. मी ३१ किलोमीटर काढले ते एक आजारी माणूस आणि रिकामी डिकी घेऊन, पावसाच्या गारव्यात.

ही कल्पना तशी जुनी आहे. डनलॉपनं १९७० च्या दशकात डेनोव्हो नावाचे टायर काढले होते. हवा गेली की आतल्या डब्यांतून वंगण बाहेर यायचं, म्हणजे रबर रबरावर घासून पेटायला नको. मिशलिननं पॅक्स नावाच्या रचनेत टायरच्या आत आधाराचं कडंच बसवलं होतं, पण त्याला खास रिम आणि खास यंत्र लागायचं आणि ती पद्धत मागे पडली. टिकली ती जाड भिंतीची पद्धत. १९९७ मध्ये शेव्हरले कॉर्व्हेटच्या नव्या पिढीत असे टायर सरसकट आले आणि त्या गाडीतून स्टेपनी गेली. पुढे बीएमडब्ल्यूनं आपल्या बऱ्याच गाड्यांना ते दिले.

आपल्या गाडीला नेमके कोणते टायर आहेत हे अनेकांना ठाऊक नसतं. टायरच्या बाजूवर वाचा. ब्रिजस्टोन आरएफटी लिहितं, मिशलिन झेडपी, काँटिनेंटल एसएसआर, गुडइयर आरओएफ. मर्सिडीजसाठी बनवलेल्या टायरवर एमओई असतं. मापातच आर च्या जागी आरएफ लिहिलेलं असेल तरी तो रन-फ्लॅटच. डिकीचा तळ उचलून पाहिला आणि खाली ना स्टेपनी ना जॅक, तर शंका घ्यायला जागा आहे. पण तेवढ्यावर विसंबू नका, हल्ली साधे टायर असलेल्या गाड्यांतूनही स्टेपनी गायब झाली आहे आणि तिच्या जागी एक बाटली आणि एक छोटा पंप ठेवलेला असतो.

आता मला खरोखर त्रास काय झाला ते.

पहिला त्रास हादऱ्यांचा. भिंत कडक म्हणजे टायर दबत कमी, आणि रस्त्यावरचा धक्का तसाच वर येतो. आमच्या वाटेवर एक लांब पूल आहे, त्याच्या प्रत्येक जोडावर गाडी ठक्क करायची. आप्पांच्या डाव्या हातात फिस्टुला आहे, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी शस्त्रक्रियेनं जोडलेली रक्तवाहिनी. जाताना ठीक, पण परतताना तो हात नाजूक झालेला असतो. पूल आला की ते उजव्या हातानं डावा हात उचलून धरायचे. मी एक छोटी उशी गाडीत ठेवली होती, ती हाताखाली घ्यायची. साधे टायर बसवल्यावर तीन आठवड्यांनी डिकी आवरताना ती उशी जॅकच्या मागे सापडली. कुणी ठेवली विचारलं, तर आप्पा म्हणाले, "मीच ठेवली, आता लागत नाही."

इथे न्यायानं एक सांगायला हवं. हादरे सगळेच टायरमुळे नसतात. माझे टायर २२५/५० आर १७ मापाचे, म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या निम्मी. भिंत जितकी बुटकी तितकी ती कडकच लागणार, मग टायर कुठल्याही जातीचा असो. गाडी बनवणाऱ्यानं रन-फ्लॅट धरूनच सस्पेन्शन मऊ ठेवलं असेल तर फरक कमी जाणवतो. बहिणीच्या गाडीला ६० च्या, म्हणजे रुंदीच्या ६० टक्के उंच भिंतीचे रन-फ्लॅट आहेत, तिच्या गाडीत मला हा ठक्क कधी ऐकू आला नाही. म्हणून कुणी "रन-फ्लॅट म्हणजे दगड" असं सरसकट म्हणालं तर ते खरं मानू नका. आधी त्या गाडीचं टायरचं माप विचारा.

दुसरा त्रास पंक्चर काढण्याचा, आणि यावर मी जरा थांबणार आहे, कारण खर्चाचं सगळं गणित इथेच फिरतं.

बोल्ट रुतलेला तो टायर दुसऱ्या दिवशी दुकानात नेला. भोक मधोमध, आकारानंही दुरुस्त होण्यासारखं. साधा टायर वेळेवर थांबवला असता तर आतून मशरूम पॅच, म्हणजे भोकात देठ बसणारं ठिगळ, बसला असता आणि विषय संपला असता. पण दुकानदारानं मीटर दाखवून विचारलं, "ताई, हवा गेल्यावर किती चालवलीत?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी टायर रिमवरून उतरवला, आतून हात फिरवला आणि पंक्चर काढायला नकार दिला. तेव्हा मला राग आला होता. नंतर कळलं की त्यांचं बरोबर होतं. हवेविना ३१ किलोमीटर दबत आलेल्या भिंतीत आत काय तुटलंय ते वरून दिसत नाही. टायर बाहेरून धडधाकट दिसतो आणि पुढे कधीतरी भर वेगात फाटतो. याबाबत कंपन्यांचे नियम वेगवेगळे आहेत. कुणी रन-फ्लॅटचं पंक्चर काढूच नका म्हणतं, कुणी म्हणतं हवा फार उतरायच्या आत थांबला असाल तर एकदा काढा. आपल्या टायरच्या कंपनीचा नियम विकत घेतानाच विचारून ठेवा.

म्हणजे एका बोल्टनं एक टायर गेला. आणि एकच घेऊनही भागलं नाही. गाडी २१,००० चाललेली, मागच्या दुसऱ्या टायरची नक्षी ५ मिलिमीटर उरलेली, नवा आला ८ चा. एकाच आसावर एवढा फरक मला नको होता. मागची जोडी घेतली. त्या मापात तीन रन-फ्लॅटच्या पैशांत मला चार साधे आले असते.

त्यानंतर ३०,००० च्या सुमारास पुढच्या डाव्या चाकात खिळा गेला. या वेळी हवा हळूहळू उतरत होती, २९ वर दिवा लागला आणि मी लगेच थांबून हवा भरून घेतली. टायर रिकामा एक मीटरही धावला नव्हता. तरीही पहिल्या दुकानानं "आम्ही रन-फ्लॅटचं पंक्चर काढतच नाही" म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यानं नीट उतरवून, आतून तपासून पॅच बसवला. तो शेवटपर्यंत टिकला. एक गोष्ट मी तेव्हा शिकले. भिंत जाड असल्यामुळे हे टायर रिमवर चढवायला आणि उतरवायला जड असतात, यंत्राला टायर दाबून धरणारा जादा दांडा, म्हणजे हात, लागतो. तो नसलेल्या दुकानात पहारीनं ओढाताण करून टायरची कड किंवा आतला दाबाचा सेन्सर मोडतो. दुकानात शिरतानाच यंत्राकडे पाहावं.

तिसरा प्रसंग खड्ड्याचा. पुढचं उजवं चाक पाण्यानं भरलेल्या खड्ड्यात गेलं आणि आवाजावरूनच कळलं की काही तरी बिघडलंय. टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आला होता. फुगा म्हणजे आतले दोरे तुटलेत आणि हवा बाहेरच्या रबराला ढकलते आहे. अशा टायरवर एक दिवसही चालवू नये, दुरुस्ती तर नाहीच. अलॉय रिमलाही आतल्या बाजूनं केसासारखी चीर गेली होती. साध्या टायरलाही फुगा येतोच, पण कडक भिंत धक्का स्वतःत मुरवत नाही, तो रिमकडे देते.

या वेळी दुकानात माझ्या मापाचा रन-फ्लॅट नव्हता. "उद्या येईल." दुसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. आप्पांचं डायलिसिस एक दिवसाआड असतं. सहा दिवसांत तीन फेऱ्या भाड्याच्या गाडीनं झाल्या. रन-फ्लॅटच्या जाहिरातीत हा भाग कधी येत नाही. ते ८० किलोमीटर तुम्हाला संकटाच्या जागेवरून दुसऱ्या जागी नेतात, पण त्या दुसऱ्या जागी तुमच्या मापाचा, तुमच्या जातीचा टायर मिळायला हवा. गावापासून लांब निघालात, वाटेत असं दुकान नाही, तर रन-फ्लॅट तुम्हाला ८० किलोमीटर पुढे नेऊन तिथे बसवून ठेवतो. डिकीत स्टेपनी असलेला माणूस अर्ध्या तासात चाक बदलून निघून गेलेला असतो.

त्या सहा दिवसांत मी निर्णय घेतला. पण तो रागानं घेतला नाही. त्याच्या आदल्याच महिन्यात आप्पांची डायलिसिसची पाळी संध्याकाळची बदलून सकाळची झाली होती. आता आम्ही परततो तेव्हा लख्ख दुपार असते, रस्त्यावर वर्दळ असते, दुकानं उघडी असतात. पाळी रात्रीचीच राहिली असती तर मी आणखी आठ दिवस थांबून पुन्हा रन-फ्लॅटच घेतले असते, आणि पूल आला की उशी आप्पांच्या हाताखाली सरकवत राहिले असते.

मधल्या काळात एकानं सुचवलं होतं की तेवढ्या एका चाकाला साधा बसवा, बाकी चालू द्या. हे करू नका. दोन्ही जातींच्या भिंतींचा कडकपणा वेगळा, वळणावर आणि जोरात ब्रेक मारताना त्या वेगळ्या वागतात. माझ्या मागच्या जोडीत अजून जीव होता, जिवावर आलं, पण चारही उतरवले.

साधे निवडताना मी माप तेच ठेवलं, आणि मापापुढचा आकडा आणि अक्षरही: ९४ डब्ल्यू. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलोपर्यंतचं ओझं, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंतचा वेग. वेगाशी मला देणंघेणं नाही, पण ओझ्याचा आकडा गाडीच्या पुस्तकात दिलाय त्याखाली कधीही जाऊ नये. माझ्या गाडीच्या पुस्तकात साधे टायर चालतील असं लिहिलेलं होतं. तुमच्या पुस्तकात नसेल तर आधी विचारून घ्या. दुकानातल्या काट्यावर मी उतरवलेला एक आणि नवा एक असे दोन्ही ठेवायला लावले. जुना रन-फ्लॅट, तोही झिजलेला, १२.४ किलो. नवा साधा १०.३. प्रत्येक चाकाला दोन किलोंहून जास्त वजन उतरलं, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. खड्ड्यातून चाक वर-खाली होताना ते सरळ जाणवतं.

पहिले दोन आठवडे मात्र मला गाडी आवडली नाही. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी क्षणभर विचार करून वळते असं वाटायचं. पटकन लेन बदलली की अंग थोडं झुलायचं. रन-फ्लॅटवर ती बाणासारखी वळायची, हे मान्य केलं पाहिजे. ज्यांना वळणावळणाच्या रस्त्यावर गाडी चालवण्यात खरा आनंद मिळतो, त्यांना ही गोष्ट खटकत राहील. मला सवय झाली.

खरं काम पुढे होतं. माझ्या गाडीत स्टेपनीसाठी खड्डाच नाही. साधे टायर घालून डिकी रिकामी ठेवणं म्हणजे दोन्हीकडून उघडं पडणं. पहिला पर्याय सीलंटची बाटली आणि पंप. तो द्रव व्हॉल्व्हमधून आत जातो आणि भोक बुजवतो, पण फक्त जमिनीला टेकणाऱ्या भागातलं आणि साधारण ४ ते ६ मिलिमीटरपर्यंतचंच. बाजू फाटली तर बाटलीचा काही उपयोग नाही. शिवाय बाटलीला मुदत असते, काही वर्षांनी ती बदलावी लागते, आणि नंतर पंक्चर काढणाऱ्याला आतला चिकटा धूत बसावं लागतं. मी पंप घेतला, बाटलीही ठेवली, पण भरवसा तिच्यावर ठेवला नाही.

मी तात्पुरत्या वापराची बारीक स्टेपनी घेतली. तिच्यावर मापाआधी टी लिहिलेलं असतं, तिच्यात ६० पीएसआय हवा लागते आणि ताशी ८० च्या वर न्यायची नाही. ती डिकीत पट्ट्यानं आडवी बांधली आहे, तिच्या शेजारी आप्पांचा वॉकर बसतो. जागा गेली, यात शंका नाही. घेताना दोन गोष्टी पाहाव्या लागल्या. एक, तिची रिम पुढच्या ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे ब्रेकची चकती पकडणाऱ्या भागाला, घासत नाही ना, त्यासाठी दुकानातच पुढच्या चाकाच्या जागी चढवून फिरवून पाहिली. दुसरी, बोल्ट. अलॉयचे बोल्ट पातळ लोखंडी रिमला लांब पडू शकतात. माझ्या स्टेपनीला आखूड बोल्टांचा वेगळा संच लागला, तो पिशवीत घालून तिलाच बांधून ठेवलाय. हे घरी लक्षात आलं म्हणून बरं.

मग अंगणात चाक बदलायचा सराव केला. पहिल्यांदा २७ मिनिटं लागली, पुढच्या रविवारी १६. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट सैल करायचे, पलीकडच्या चाकाला वीट लावायची, जॅक पुस्तकात दाखवलेल्या खाचेतच लावायचा, घट्ट करताना एकाआड एक समोरासमोरचे बोल्ट घ्यायचे, आणि ५० किलोमीटर झाले की पुन्हा पाना लावून पाहायचा. पान्याला हातभर लोखंडी नळी जोडली तर माझ्यासारख्या किरकोळ अंगाच्या बाईलाही बोल्ट सुटतात. ज्यांना गुडघे, कंबर किंवा आणखी कशामुळे हे शक्य नाही, त्यांनी स्टेपनीच्या भरवशावर साधे टायर घेऊ नयेत. त्यांच्यासाठी रन-फ्लॅटचा जादा पैसा योग्य आहे. किंवा निदान आतून चिकट थर असलेले टायर पाहावेत, खिळा गेला तरी तो थर भोकाभोवती बसून हवा धरतो. काँटिनेंटल, पिरेली, मिशलिन तिघांकडेही ते आहेत. मी वापरलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल जास्त बोलत नाही. एवढंच की तेही बाजू फाटल्यावर वाचवत नाहीत, आणि रन-फ्लॅट त्या प्रसंगातही पुष्कळदा घरी नेतो. रन-फ्लॅटचा हा खरा मोठेपणा आहे.

दाबाच्या दिव्याबद्दल वेगळं सांगते. साधा टायर बसला की डोळ्यांना दिसतो. रन-फ्लॅट बसलेला दिसतच नाही, भिंत ताठ उभी असते. म्हणून दाबाची सूचना देणारी यंत्रणा नसलेल्या गाडीला रन-फ्लॅट बसवणं धोक्याचं आहे. तुम्हाला न कळता मर्यादा ओलांडली जाईल. अमेरिकेत २००७ च्या सप्टेंबरपासून आणि युरोपात २०१४ च्या नोव्हेंबरपासून सगळ्या नव्या मोटारींत ही यंत्रणा सक्तीची आहे. ती दोन तऱ्हेची असते. एकीत प्रत्येक चाकात सेन्सर असतो आणि पडद्यावर खरा आकडा दिसतो. दुसरीत सेन्सर नसतो, हवा उतरलेलं चाक किंचित लहान होतं आणि इतरांपेक्षा जलद फिरतं, ते एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या, यंत्रणेला कळतं. दुसऱ्या तऱ्हेच्या गाडीत हवा भरल्यावर किंवा टायर बदलल्यावर ती नव्यानं शिकवावी लागते, नाहीतर ती चुकीचं बोलते. आणि कुठलीही असली तरी महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी हलवायच्या आधी, हातातल्या मापकानं चारही चाकं आणि स्टेपनी तपासा. माझी स्टेपनी पाच महिन्यांत ६० वरून ५२ वर आली होती. गाडीचा दिवा तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

साध्या टायरवर आतापर्यंत एक पंक्चर झालंय. डायलिसिसला जाताना, सकाळी सव्वासात. स्क्रू होता, आकडा २७ वर आलेला. थांबून पंपानं ३५ केले, आप्पांना वेळेवर पोचवलं, ते आत असताना पंक्चर काढून घेतलं. पॅच आतून, ३५ मिनिटांत काम झालं. त्या टायरवर पुढे ९,००० किलोमीटर झाले आहेत. तोच रन-फ्लॅट असता तर पहिल्या दुकानानं बहुधा परत पाठवलं असतं.

पण त्या पावसाळी रात्रीसारखं काही साध्या टायरवर अजून माझ्या वाट्याला आलेलं नाही, हेही लिहिलं पाहिजे. उद्या अंधारात टायर फाटला तर मला थांबावं लागेल, आप्पांना गाडीत बसवून, त्रिकोण मांडून, गुडघ्यावर बसून १६ मिनिटं काढावी लागतील. ही किंमत मी समजून उमजून दिली आहे.

मागच्या महिन्यात धाकट्या बहिणीनं विचारलं, "ताई, माझे पुढचे दोन संपलेत. तुझ्यासारखे साधेच घालू का चारही? स्वस्त पडतील." ती परिचारिका आहे, तिची पाळी रात्री दोनला सुटते, एकटी परतते, वाट २४ किलोमीटरची. तिची वाट ८० च्या आत तीनदा बसते. तिच्या गाडीचं माप १६ इंची आणि सर्रास मिळणारं आहे, दुकान तिच्या कामाच्या वाटेवर आहे. ६० च्या भिंतीमुळे हादरेही सोसवतात. मी तिला नको म्हणाले. पैसे कमी पडत असतील तर मी घालते, पण रात्री दोनला तू कुठेही थांबायचं नाहीस, असं सांगितलं.

तिचे दोन रन-फ्लॅट परवा आले. मी जाऊन बाजूवरचे चार आकडे वाचले, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात. दोन्ही टायर एकाच आठवड्यातले निघाले, तीन महिन्यांपूर्वीचे. दुकानात जादा हाताचं यंत्र आहे की नाही तेही पाहून आले. आहे. शनिवारी सकाळी दहाची वेळ मिळाली आहे.